अंदाजे दहा बाय बारा

धामणकोंडच्या ग्रामपंचायतीत सुजय बारा वर्षं कारकून होता आणि त्या बारा वर्षांत त्याच्या मोजपट्टीला गंज चढला होता. मोजमाप तो डोळ्यांनी करी. मोटारसायकल जरा हळू करून घराकडे एकदा पाहिलं की "अठरा बाय तीस, चिरा, कौलं" असं त्याच्या तोंडून निघे. खरं सांगायचं तर ते फूटभर इकडेतिकडे बरोबरही असे. माणसाला एखादी गोष्ट फार बरोबर जमायला लागली की तो तिथेच घसरतो, पण हे सुजयला सांगणार कोण?

घरपट्टी कशी बसते असं गावात विचारलं तर "पंचायतीच्या मनाला येईल तशी" हेच उत्तर मिळेल. तसं नसतं. घराची लांबी-रुंदी घ्यायची. बांधकाम मातीचं, चिऱ्याचं की स्लॅबचं, ते किती वर्षांचं, आत माणसं राहतात की दुकान चालतं, हे बघायचं. प्रत्येकाचा दर सरकारने ठरवून दिलेला असतो. घर जुनं होत जातं तसा घसारा सुटतो. गुणाकार केला की घराची किंमत निघते आणि त्या किमतीवर हजारी अमुक पैसे, ती घरपट्टी. दर चार वर्षांनी हे सगळं नव्याने करायचं, यादी पंचायतीच्या फळ्यावर लावायची आणि तीस दिवस हरकतींची वाट बघायची. कोणी हरकत घेतली नाही तर आकारणी अंतिम. एकदा अंतिम झाली की कागदावर जे आहे तेच खरं.

गावात दोनशे बारा घरं, त्यांतली सत्तरेक बंद. माणसं मुंबईला, किल्ली शेजारी, कुलूप निघायचं ते गणपतीला आणि शिमग्याला. बंद घराच्या आत जाऊन मोजायची पद्धतच नव्हती. सुजय शेजाऱ्याला विचारी, "काय वाढवलंनी काय?" शेजारी म्हणे, "नाय." की मागच्या नोंदीवरून पुढे लिहिलं.

या खेपेला तालुक्याच्या साहेबांनी बैठकीत सांगितलं, गावाचं उत्पन्न थोडं तरी वाढलेलं दिसलं पाहिजे. राहत्या घरांना हात लावला तर लोक दारात येऊन शिव्या देणार. म्हणून मार्चमधल्या एका दुपारी सुजयने चहा मागवला आणि सात बंद घरांना एकेक खोली वाढवून टाकली. अंदाजे दहा बाय बारा, चिरा, कौलारू, कोबा, निवासी. मुंबईकर पट्टी भरतात तेव्हा गाडी सुटायची घाई असते, पावती कोण वाचतो? यादी तीस दिवस फळ्यावर फडफडली. एकही हरकत आली नाही. आकारणी अंतिम झाली आणि साहेबांनी फोनवर "शाब्बास" म्हटलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गोदा शिवगण पंचायतीत आली. गोदाचा नवरा दत्ताराम मुंबईत एका कारखान्यात पहारेकरी होता, तो दिवाळीत वारला. भाड्याची खोली परवडेना, तेव्हा सात वर्षांच्या लेकीला, राहीला घेऊन ती सासरच्या बंद घरात कायमची राहायला आली होती. त्या सात घरांतलं एक घर तिचं. तिच्या हातात घरपट्टीचं बिल सुजयला दिसलं. बाई भांडायला आली असणार. त्याने मनात उत्तरही जुळवून ठेवलं.

"भावजी," गोदा म्हणाली, "बिलात चार खोल्या लिवल्यात."

"वहिनी, कधी कधी नजरचूक होते. अर्ज द्या, दुरुस्त करू."

"चूक कशाला? चारच हायत. पण मी लगीन होऊन आले तवा तीन व्हत्या. माजघरामागची खोली कुनी बांधली, त्ये तुमच्या वहीत आसंल म्हनून आले." ती जरा थांबली. "ह्यांनी मला कदी सांगितलं नाय. मला वाटलं, गुपचूप बांधून ठेवली आसंल. आमी येऊ म्हनून."

तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की सुजयला मान वर करवेना. वहीत बघतो, असं म्हणून त्याने तिला घालवलं आणि दुपारी स्वतः तिच्या घरी गेला. जाताना त्याने मोजपट्टी घेतली. बारा वर्षांत पहिल्यांदाच घेतली असावी.

घराबाहेरून त्याने मागची बाजू मोजली. मागे परसू, त्यात अळू आणि दोन केळी, त्यापलीकडे दगडी गडगा. बाहेरून घराची लांबी बरोब्बर तीस फूट भरली. मग तो आत गेला. ओटी, माजघर, स्वयंपाकघर मिळून तीस फूट संपले, आणि माजघराच्या भिंतीत, जिच्यामागे केळी असायला हव्या होत्या, तिथे दारासारखं रिकामं भगदाड होतं. चौकट नाही, फळी नाही, कडी नाही. आत खोली होती. त्याने पट्टी लावली. एका बाजूला दहा फूट, दुसऱ्या बाजूला बारा. अंदाजे वगैरे काही नाही, एक सूतही कमीजास्त नव्हतं.

जूनमध्ये आमच्याकडे वास नसलेली जागा शोधून सापडायची नाही. भिंती भिजतात, गोधड्या भिजतात, डब्यातल्या साखरेलासुद्धा ओल्या मातीचा वास लागतो. या खोलीला कसलाच वास नव्हता. खिडकी नव्हती, कोनाडा नव्हता, खुंटी नव्हती, कोपऱ्यात कोळी नव्हता. उजेड नव्हता आणि अंधारही नव्हता, फक्त दिसत होतं. सुजयने कौलं बघायला मान वर केली आणि त्याचा हात आपोआप भिंतीला टेकला. भिंती वर जात होत्या. चिऱ्यावर चिरा, त्यावर चिरा, आणि त्या कुठे संपतात ते दिसत नव्हतं.

आकारणीच्या नमुन्यात उंचीचा रकाना नसतो. लांबी असते, रुंदी असते, उंची कोणी विचारतच नाही.

"बगा हां काका," मागून राही म्हणाली. निळा फ्रॉक घातलेली, चुरचुरीत बोलणारी पोर. तिने हातातला रबरी चेंडू जोर लावून वर फेकला. चेंडू वर गेला, लहान झाला आणि दिसेनासा झाला. सुजय वाट बघत राहिला. "आता नाय येनार," ती समजावून सांगितल्यासारखं म्हणाली, "आमचं जेवन झालं की येतो."

गोदा दारातून बघत होती. तिला यात वावगं काही दिसत नव्हतं असं नाही. पण नवऱ्याने बांधलेली खोली म्हणून ती तिने मनात धरून ठेवली होती, आणि धरलेलं सोडायला माणूस सहजासहजी तयार होत नाही. सुजयने तिला सांगितलं, "वहिनी, पोरीला इकडे खेळू देऊ नका. पुढ्यात कपाट तरी लावा." का, ते मात्र सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे आधी कबूल करायला हवं होतं.

घरी जाताना रस्त्यात त्याला त्या सातांतली उरलेली सहा कुलूपबंद घरं लागली. त्याने मोटारसायकल जोरात हाकली आणि एकाकडेही पाहिलं नाही.

आता त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. खोट्या नोंदी केल्या असं तालुक्याला लेखी कळवायचं, म्हणजे नोकरी गेली. घरात म्हातारे आईवडील, बायको, दोन मुलं, पंचायतीच्या पगाराखेरीज दुसरं काही नाही. दुसरी वाट सोपी होती. लाल शाईने शिवगणांच्या नोंदीवर रेघ मारायची, बाजूला "लेखनचूक" लिहायचं आणि गुरुवारी ग्रामसेवक आले की इतर कागदांत ते पान सरकवायचं. ग्रामसेवकांकडे तीन गावं होती. पुढ्यात येईल त्यावर ते सही करत.

सुजयने दुसरी वाट धरली. तुम्ही-आम्हीही बहुतेक तीच धरली असती, म्हणून मी त्याला फार बोलणार नाही. पण एक गोष्ट त्याने करायला हवी होती. सही होण्याआधी गोदाला फोन करून "राही कुठे आहे" एवढं विचारायला हवं होतं. ते त्याच्या मनात आलंसुद्धा. घड्याळात अकरा वाजले होते. गुरुवार, अकरा वाजता पोर शाळेतच असणार, असा त्याने अंदाज केला. ग्रामसेवकांनी सही केली, शिक्का बसला.

त्या दिवशी अतिवृष्टीमुळे जिल्ह्यातल्या शाळा बंद होत्या. सुट्टीचं परिपत्रक सकाळी सुजयनेच फळ्यावर लावलं होतं.

पाऊण तासाने गोदा आली ती डोक्यावर पिशवीसुद्धा न घेता. अंगावरून पाणी गळत होतं. पंचायतीच्या पायरीवर उभी राहून ती अगदी हळू म्हणाली, "भावजी, भिंत आली."

"काय?"

"मी चुलीशी व्हते. राही आत खेळत व्हती. कपाट सरकवून गेली. हाक मारली, ओ दिली तिनं. भाकरी उलटली, मागं बगितलं तर भिंत."

गावातले पाच-सहा पुरुष पहारी घेऊन आले. माजघराची भिंत फोडली. पलीकडे पाऊस पडत होता आणि केळी हलत होत्या. मग विहिरी बघितल्या, वहाळ बघितला, पोलीस आले, पंचनामा झाला, पोर पाण्यात वाहून गेली असावी असं लिहिलं गेलं. पोलिसांनीही अंदाजच केला. लोकांनी भिंत परत रचून दिली, पावसात घर उघडं कसं ठेवणार? ती रचून झाली आणि सगळे निघाले, तेव्हा सुजयने भिंतीला कान लावला. बराच वेळ काही नाही. मग आत, खूप आत, धप्प असा आवाज झाला. चेंडू पडल्याचा.

त्याने गोदाला सगळं सांगितलं. तिथेच, चिऱ्यांच्या भुग्यात बसून. साहेबांची बैठक, चहा, सात खोल्या, लाल रेघ, गुरुवारची सही. सांगताना तो रडला, त्याला स्वतःची लाज वाटली आणि भीतीही वाटली की ही बाई आता आपल्या अंगावर येईल. गोदा आली नाही. खोली नवऱ्याने बांधलेली नव्हती, हे ऐकताना तेवढा तिचा चेहरा हलला.

"परत लिवा," ती म्हणाली.

"वहिनी, नुसतं लिहून होत नाही. फळ्यावर लावावं लागतं. तीस दिवस जावे लागतात. कोणी हरकत घेतली तर..."

"तुमी लिवा. हरकतीचं मी बगते."

सुजय तसाच पंचायतीत आला आणि त्याने वही उघडली. शिवगण दत्ताराम गोपाळ, खोली एक, दहा बाय बारा. या वेळी त्याने काही सोडलं नाही असं त्याला वाटलं. रकाना नव्हता तरी उंची दहा फूट लिहिली. एक खिडकी, एक दार, दाराला कडी बाहेरून आणि आतूनही. मग शेऱ्याच्या रकान्यात, जिथे बारा वर्षांत त्याने "निरंक" खेरीज शब्द लिहिला नव्हता, तिथे लिहिलं: आत मुलगी एक, वय सात, निळा फ्रॉक, सावळी, चुरचुरीत. आणखी काय लिहावं म्हणून तो पेन धरून बसला. पोरीला त्याने आयुष्यात दोनदा पाहिलं होतं. गोदाचं घर तिथून हाकेच्या अंतरावर. पण त्या घरात पुन्हा पाऊल टाकायचं त्याच्या जिवावर आलं होतं. एवढं पुरे, असं म्हणून त्याने पान मिटलं.

यादी फळ्यावर लागली. एका ओळीची यादी. सगळ्या गावाला ठाऊक की शिवगणांच्या घराला तीनच खोल्या आहेत, पहारीने फोडून बघितलंय. गोदा घरोघर गेली. काय सांगितलंन कोण जाणे, पण जे धामणकोंड गटाराच्या झाकणावरून दोन वर्षं भांडतंय, ते या ओळीवर गप्प राहिलं. शेजारची काशीकाकू, जिच्याकडे घराची किल्ली असायची, ती तर रोज फळ्यापाशी येऊन उभी राहायची, कोणी कागद घेऊन येत नाही ना ते बघायला. ग्रामसेवकांनी दर गुरुवारी येऊन सही केली आणि काही वाचलं नाही. त्या एका सवयीबद्दल सुजयने त्यांचे पाय धरले असते.

तीस दिवस गोदा भिंतीपाशी बसली. दोन्ही वेळेला भाताचं ताट भिंतीला लावून ठेवी आणि मग उचलून गुरांना घाली. चेंडूचा आवाज दिवसातून दोनदा-तीनदा येई. कधी अख्खा दिवस यायचा नाही, मग ती भिंतीवर थापट्या मारी आणि हळूहळू बोलत राही. शाळेत काय शिकवलं, काशीकाकूची मांजर व्याली, गणपतीला मखर कसलं करायचं. सुजय रोज ओटीपर्यंत येऊन परत जाई. आत बोलावणं आलं नाही.

एकतिसाव्या दिवशी सकाळी बोलावणं आलं. ऊन पडलं होतं. माजघराच्या भिंतीत दार होतं, नवंकोरं, त्याला कडी. गोदाने कडीवर हात ठेवला होता. सुजय येईपर्यंत ती थांबली होती, कारण एकटीने उघडायचा धीर तिला होत नव्हता. त्याने मान हलवली. तिने कडी काढली.

खोली साधी होती. वर कौलं, त्यांतून कवडसे, खिडकीतून केळीची पानं. मधोमध निळ्या फ्रॉकमधली मुलगी उभी होती. "आई," ती म्हणाली, आणि धावत येऊन गोदाच्या कमरेला बिलगली. सुजयने डोळे मिटले. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मनापासून देवाचे आभार मानले.

डोळे उघडले तेव्हा गोदा खाली बसली होती. ती मुलीच्या उजव्या कानामागे बोट फिरवत होती. मग तिने मुलीचा डावा हात उलटा केला, मनगटापासून कोपरापर्यंत बघितला. पुन्हा बघितला. गुडघे बघितले. मुलगी शहाण्यासारखी उभी राहिली आणि हसली. हसताना तिचे सगळे दात दिसले, सारखे, एकही न पडलेला.

"तुझ्या बाबांचं नाव काय गो?" गोदाने विचारलं.

"शिवगण दत्ताराम गोपाळ," मुलगी म्हणाली.

गोदा उठली. तिचा आवाज चढला नाही. "भावजी, राहीच्या कानामागं तीळ हाय. कुकरची वाफ लागलेला हात हाय तिचा, हा यवडा डाग. पुढचे दोन दात पडलेत. बाबाला ती दत्तू म्हनायची. तुमी मला इचारलं का नाय?"

"मला वाटलं, एवढ्याने भागेल," सुजय म्हणाला. ते खरंच होतं.

तेवढ्यात धप्प असा आवाज झाला. खोलीत नाही. खोलीच्या पलीकडे, केळींच्या बाजूला, जिथे काही नव्हतं. मुलीने तो ऐकला नसावा. तिने गोदाचा पदर ओढला. "आई, मला भूक लागली."

गोदा तिच्याकडे बघत उभी राहिली. मग स्वयंपाकघरात गेली, भाताचं ताट घेऊन आली, वर कुळथाचं पिठलं घातलं आणि मुलीला ओटीवर बसवलं. सुजयला म्हणाली, "वही घेऊन या. हितंच बसून लिवायचं. मी सांगंन तसं."

तो धावत गेला, धावत आला. पायरीवर बसून त्याने वही उघडली. गोदा सांगू लागली आणि तो लिहू लागला. उजव्या कानामागे तीळ, मुगाएवढा. डाव्या हाताला भाजल्याचा डाग. घाबरली की अंगठा चोखते, पण शाळेत नाही. पावसाच्या आवाजात झोप लागते, पंख्याच्या लागत नाही. शेऱ्याचा रकाना संपला, तो समासात लिहू लागला, समास संपल्यावर पुरवणी जोडली. गोदा एकदाही अडखळली नाही. सगळं लिहून झाल्यावर सुजयने पेन खाली ठेवलं आणि खिशातलं लाल पेन काढलं.

"वहिनी," तो खालच्या आवाजात म्हणाला, "एका खोलीच्या दोन नोंदी राहत नाहीत. ही घालायची तर आधीची खोडावी लागेल."

मुलीने ताटातून मान वर केली. तिने सुजयकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या लाल पेनाकडे पाहिलं, मग गोदाकडे. "मला?" तिने विचारलं.

गोदाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. केस ऊनऊन होते, लहान मुलांचे असतात तसेच. तिने हात काढून घेतला आणि तोंड फिरवून केळींकडे बघत म्हणाली, "जेवन होऊ दे तिचं."

सुजयने मान खाली घातली. ओटीवर मुलगी एकेक शीत वेचून, अगदी सावकाश जेवू लागली.